डांबरावरची नाचणी

ऑक्टोबरचं ऊन चढायला लागलं की मला डांबराचा वास येतो. खरं तर येऊ नये. आमच्या रस्त्यावर आता डांबर उरलेलंच नाही. आशागडच्या पुढं घाटापर्यंत पांढरंफटक काँक्रीट झालंय, दुपारी त्याच्याकडे बघवत नाही. तरी दसरा उलटला, भातं पिवळी पडली, की आशागड मागं पडता पडता तो वास नाकात शिरतो आणि माझा हात वर बेलच्या दोरीकडे जातो. दोरीही आता नाही. बटण आहे, आणि ते त्याच्या मर्जीनं वाजतं.

मी एसटीत कंडक्टर आहे. "तुमचं बरं आहे, रोज फिरायला मिळतं," असं नातेवाईक म्हणतात. फिरतं ते गाडीचं चाक. मी चालते. दारापासून ड्रायव्हरच्या पाठीपर्यंत आणि तिथून पुन्हा दारापर्यंत, दोन्ही बाजूंच्या गुडघ्यांमधून, पिशव्या ओलांडत, कोंबड्या चुकवत. डहाणू ते झरी हे अंतर गाडी कापते. मी त्या अंतरात गाडीची लांबी पुन्हा पुन्हा चालते आणि जिथं होते तिथंच राहते. संध्याकाळी चपला काढल्या की टाचा अशा ठणकतात की जमिनीवर पाय टेकवायचाही राग येतो. डॉक्टर म्हणाले, उभं राहणं कमी करा. मी म्हटलं, बरं. आणखी काय म्हणणार?

रस्ता मला पाठ आहे, म्हणजे पायांना पाठ आहे. डहाणूला मासळीवाल्या चढतात, सुक्या बोंबलांच्या पाट्या घेऊन, आणि चढतानाच भांडायला सुरुवात करतात. चिकूच्या वाड्या संपल्या की आशागड. तिथं अर्धी गाडी उतरते, अर्धी भरते. मग गंजाड, मग घाट. घाटात वळण आलं की मी न बघता डाव्या हातानं दांडा धरते. चारोटीला राज्य मार्गाचे हिरव्या डोक्याचे दगड संपतात, पिवळ्या डोक्याचे लागतात आणि आमची गाडी एकदम लहान होते. मोठ्या हायवेवर तिला कुणी विचारत नाही. विवळवेढ्याला महालक्ष्मीचं देऊळ आलं की बोलणारे थांबतात, झोपलेले जागे होतात, हात जोडतात, पुन्हा झोपतात. ड्रायव्हर हॉर्नवर अंगठा ठेवून देवीला एकदा हाक देतो. मग तलासरी. तलासरी सोडून झरीकडे वळलं की बोलणंही हळूहळू वळतं. मराठीत तिकीट मागितलेला माणूस खिडकीबाहेर बघत शेजारणीशी गुजरातीत बोलू लागतो, आणि एखादी म्हातारी माझा हात धरून सांगते, "बेन, झरी आवे एटले कहेजो," झरी आली की सांग. आतून जवळची वाट आहे म्हणतात. असेल. आमची फेरी आखणाऱ्यानं ही लांबची वाट आखली आणि मी ती आयुष्यभर चालले.

या रस्त्याचा एक हंगाम होता. पाऊस आटपला, दसरा-दिवाळीच्या मधले दिवस आले, की रस्ता हेच खळं व्हायचं. पाड्यापाड्यांवरून बाया कणसं घेऊन खाली यायच्या आणि डांबरावर पसरायच्या. नाचणी, वरई, कुठं उडीद. येणारीजाणारी वाहनं त्यावरून जायची आणि दाणा सुटायचा. बैल कुणाकडे उरले नव्हते, पोरं वापीकडच्या कंपन्यांत गेली होती, आणि काठीनं झोडायचं तर कंबर हवी. रस्ता मात्र फुकट होता, सपाट होता, उन्हानं तापलेला होता. ट्रकवाले शिव्या घालायचे. मोटारवाले बाजूनं काढायचे, पांढऱ्या रंगाला धूळ नको म्हणून. बायांचा भरवसा एसटीवर. एसटीचं चाक रुंद, चाल संथ, आणि वेळ ठरलेली. लांबून लाल रंग दिसला की काठ्या घेऊन बसलेल्या बाया उठायच्या, पसरलेलं नीट करायच्या आणि हात हलवायच्या. गाडी थांबवायला नाही, गाडी घालायला.

त्या काळात माझ्याबरोबर दौलतमामा ड्रायव्हर होता. मोखाड्याकडचा, शेतकऱ्याच्या घरातला, बोलायला कमी. स्टिअरिंगवर बसल्यावर त्याला जगात फक्त दोन गोष्टी दिसायच्या, खड्डे आणि कणसं. खड्डा चुकवायचा आणि कणसांवर चाक घालायचं. पसारा आला की तो वेग इतका कमी करायचा की मागच्या बाकावरचे ओरडायचे. मग डावी चाकं बरोबर कडेच्या पट्ट्यावर धरून तो पुढं सरकायचा. खालून करकर आवाज यायचा, कोरडा, सुटा. त्या आवाजावर त्याचा चेहरा सैल व्हायचा. मी म्हणायची, "मामा, गाडीला उशीर होतोय." तो म्हणायचा, "दाण्याला पण वेळ असते, बाई."

आशागडच्या पुढं चढ सुरू व्हायच्या आधी डाव्या हाताला वडपाडा आहे. तिथं मंगलीमावशीचं घर. तेव्हा ती पन्नाशीच्या आसपास असेल. तिचं वय तिलाही ठाऊक नव्हतं. उंच, काटक, दोन्ही कानांच्या पाळ्या लोंबलेल्या, आणि तोंडानं फटकळ. गाडीत चढली की आधी मला बोलायची, मग तिकीट घ्यायची. "बाय, तुझा तोंड सकालपासून असाच हाय का माना बघून झाला?" मी म्हणायची, "तुला बघून झालं." मग ती खूश. डोंगराच्या उतारावर तिची वरकस जमिनीची एक पट्टी होती आणि तीत ती नाचणी करायची. पाड्यातल्या बाकीच्यांनी दुकानातलं पिशवीतलं बियाणं धरलं होतं, मंगलीमावशीनं सासूचं धरून ठेवलेलं. उशिरा येणारी, बारीक दाण्याची, काळपट लाल नाचणी. तिची भाकरी एकदा तिनं मला दिली होती, सुक्या जवळ्याच्या चटणीबरोबर. घाट चढून उतरेपर्यंत मी ती चावत होते. दुसऱ्या दिवशी मी काही बोलले नाही, तर तीच म्हणाली, "पोट बोलला असल तुझा."

मी सांगतेय तो हंगाम त्या वर्षीचा, ज्या वर्षी रस्त्यावर नवं डांबर पडलं.

पावसाळ्यात रस्त्याची चाळण झाली होती. दसऱ्यानंतर कामाला लोक लागले, धुराचे पिंप, खडीचे ढीग, रोलर. आम्ही दिवसचे दिवस धूर खात एका बाजूनं जात होतो. आणि मग एका सकाळी वडपाड्याजवळचा सगळा पट्टा काळाभोर, गुळगुळीत होऊन पडलेला दिसला. गाडीत माणसं उठून उभी राहिली बघायला. खड्डा नसलेला रस्ता इथं पाहुण्यासारखा येतो, त्याचं कौतुक होतंच. दौलतमामानं गाडी तिसऱ्या गिअरवर टाकली आणि हसला. मला आठवतं, मीही हसले होते, कारण घाटापर्यंत एकदाही तोल गेला नाही आणि टाचा दुखल्या नाहीत.

मंगलीमावशीनंही तो रस्ता बघितला. तिनं काय विचार केला असेल ते मला आज कळतं. इतकी वर्षं तिनं खड्ड्यातून, खडीतून दाणे वेचले होते. नाचणीचा दाणा मोहरीएवढा, तो फटीत गेला की गेला. आता बोटानंही फट सापडणार नाही असं खळं देवानं घरासमोर आणून टाकलं होतं. तिनं वाट बघितली, घाई केली नाही. रोलर गेला, धूर संपला, माणसं गेली. सकाळच्या दवात तिनं डांबरावर तळवा टेकवून बघितला. थंड होतं. मग तिनं आणि नवीन लग्न होऊन आलेल्या सुनेनं, रंजनानं, कणसांच्या पाट्या आणून तिथं ओतल्या. सगळ्या. एरवी ती बियाण्याची कणसं आधी निवडून चुलीवरच्या माळ्याला धुरात टांगायची. पण त्या वर्षी जुनं कुडाचं घर पाडून सरकारी घरकुल उभं राहत होतं. चूल बाहेर मांडलेली, माळा नाही, आणि उघड्यावर उंदीर कणसं तोडून नेत होते. आधी मळू, मग बियाणं काढू, असं तिनं ठरवलं.

आम्ही झरीहून परतलो तेव्हा ऊन ऐन डोक्यावर होतं. लांबून काळ्यावर लाल पसारा दिसला आणि मंगलीमावशी रस्त्याच्या मधोमध उभी. दोन्ही हात हलवत होती. "घाला मामा, घाला!" दौलतमामानं वेग कमी केला, आरशात बघितलं, चाकं बरोबर पट्ट्यावर धरली. दरसालसारखी.

आवाज करकर आला नाही. ओल्या पिठावर हात मारावा तसा आला.

मामाला लगेच कळलं. पण एसटी म्हणजे सायकल नाही, ती थांबेपर्यंत मागची चाकंही वरून गेली होती. आम्ही खाली उतरलो. डांबर उन्हानं मऊ झालं होतं आणि चाकांनी कणसं त्यात दाबून बसवली होती, कारागिरानं बसवावीत तशी एकसारखी. काही कणसं टायरलाच चिकटून वर गेली होती. रंजना तोंडावर पदर धरून उभी होती. मंगलीमावशी खाली बसली आणि टायरमधली कणसं नखानं काढायला लागली.

गाडीतली माणसं एकेक करून उतरली. कुणी सांगितलं नाही. कोयता असलेल्यानं कोयत्यानं खरवडलं, एका मासळीवालीनं पाटीवरचा पत्रा काढून दिला. निघत होता तो डांबराचा गोळा, आत दाणे. एकजण म्हणाला, रॉकेलनं धुतलं तर सुटेल. मासळीवालीनं विचारलं, "आनि मग खायाचा कुनी? तू खाशील?"  ट्रकवाले मागून हॉर्न मारत होते. मी त्यांच्यावर इतकी ओरडले की माझाच आवाज बसला. शेवटी पाटीत जे गोळा झालं ते खाण्याचं नव्हतं आणि पेरण्याचंही नव्हतं.

"मावशी," दौलतमामा म्हणाला. 

"तू कठं चुकला मामा? मीच हात केला ना." ती उठली. हाताची बोटं काळी झालेली, ती एकमेकांना चिकटत होती. "रस्त्याला पन कठं म्हाईत."

विवळवेढ्याला त्या दिवसाच्या पुढच्या फेरीत मामानं हॉर्न दिला नाही. लोकांनी हात जोडले, त्याचे हात स्टिअरिंगवरच राहिले.

मला वाईट कशाचं वाटलं, ते स्पष्ट सांगते. लबाडीनं कुणी लुबाडलं असतं तर मी चार शिव्या घातल्या असत्या आणि मोकळी झाले असते. इथं सगळे चांगलेच वागले होते. रस्ता करणाऱ्यांनी रस्ता चांगला केला, मंगलीमावशीनं हात लावून बघितला, मामानं दरसालच्या मायेनं चाक घातलं. आणि सासूच्या सासूपासून आलेलं बियाणं दुपारच्या एका फेरीत संपलं. राग धरायला कुणीच हाती लागत नाही तेव्हा माणूस फार थकतो.

दिवाळी झाल्यावर वडपाड्याची घरं बंद झाली. दरसाली होतात. भात घरात आलं की वीटभट्टीची माणसं येतात आणि लोक बोचकी बांधून निघतात. गाडीत टोपं, कोंबड्या, गोधड्या, आणि गोधडीतून बाहेर आलेले पाय. मंगलीमावशी पुढच्या बाकावर बसली होती. तो पट्टा आला तेव्हा तिनं मान वळवून पलीकडच्या खिडकीतून बघितलं. त्या दिवशी ती मला काही बोलली नाही, आणि मला ते शिवीपेक्षा लागलं.

हिवाळाभर ते दाणे रस्त्यात दिसत होते. डांबराला गोवर उठावा तसे. होले यायचे, चोची मारायचे, उडून जायचे. दौलतमामा त्या पट्ट्यावरून गाडी नेईना. समोरून काही येत नसलं तर चक्क उजव्या बाजूनं काढायचा. पुढच्या पाड्यांवर उडीद पसरलेला असायचा, बाया हात हलवायच्या, पण तो चाक घालेना. "एसटीवाला मामा आथा मोठा झाला," असं त्या म्हणू लागल्या. मी त्याला सांगितलं, "तिथं जुनं डांबर आहे, तिथं काही होत नाही." तो म्हणाला, "माझ्या चाकावर माझा भरवसा राहिला नाही."  दोन थकलेली माणसं रोज एका गाडीत, एकजण पुढं बघत बसलेला, एकजण मागं चालत.

मग आषाढात, झड लागलेली असताना, वडपाड्याच्या अलीकडे मामानं मधेच ब्रेक मारला.

"बाई, उतर."

"इथं स्टॉप नाही."

"उतर तर."

डोक्यावर तिकिटाची पेटी धरून मी उतरले. मामा रस्त्याच्या कडेला, मुरमाच्या पट्टीवर वाकला होता. डांबर संपतं आणि ओहोळ सुरू होतो त्या मधल्या जागेत हिरवी रेघ उमटली होती, बारीक, तुटक, बरीच लांबपर्यंत. टायरनं उडवलेलं, होल्यांनी सांडलेलं, पावसानं ढकलत नेलेलं तिथं येऊन थांबलं होतं.

"गवत आहे," मी म्हटलं.

"नाचणी आहे."

"मामा, गवत आहे. मी भिजतेय."

"नाचणी आहे गं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज असा निघाला की मी पुढं वाद घातला नाही. तो पाड्याकडे तोंड करून ओरडायला लागला. भट्टीवरची माणसं परत आली होती. मंगलीमावशी डोक्यावर प्लास्टिक घेऊन आली, चिडलेली, "काय जाला, कोन मेला?" करत. मामानं नुसतं बोट दाखवलं. ती बसली. एक रोप उपटलं, बुडखा बोटांत धरून चपटा आहे का ते बघितलं, चावून बघितलं. मग तिनं पदर खोचला आणि रोपं उपटायला लागली, मुळं न तुटता, एकेक. नाचणी तशीही आधी रोप करून मग लावतातच. त्या वर्षी तिचं रोप रस्त्यानं केलं होतं.

गाडी उभी होती. घाईत असलेले लोक घाईत होते आणि खिडकीतून बघत होते. मासळीवालीनं विचारलं, "लागला का काय हाताला?" रंजनानं जुडी उंच करून दाखवली. गाडीत कुणीतरी टाळी वाजवली, एकच, आणि मग तोच लाजला. रोपं फार नव्हती, डोंगरावरच्या पट्टीचा एक कोपरा भरेल इतकीच. पण बियाण्याला कोपरा पुरतो.

त्या दिवशी विवळवेढ्याला मामानं हॉर्न असा दाबून धरला की पुढचा टँकर बाजूला झाला.

हे सगळं आठवायला मला आता निवांत वेळ मिळत नाही. जागा बदलली की आठवण चुकते, आणि इथं सगळंच बदललंय. रस्ता रुंद झाला तेव्हा मुरमाची पट्टी गेली, वडपाड्याच्या घरांपुढची मोकळी जागा गेली, आणि रस्ता मंगलीमावशीच्या ओट्याला येऊन भिडला. ती आता उठून चालू शकत नाही. दिवसभर ओट्यावर बसून असते, समोरून कंटेनर जातात आणि तिचा पदर उडतो. नाचणी रंजना करते. रंजनाचा नवरा वापीला, सुट्टीला येतो. तिच्या पोटाचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी तिला काठी उचलायची नाही असं सांगितलंय. दौलतमामा निवृत्त होऊन मोखाड्याकडे गावी गेला. त्याला कमी ऐकू येतं, म्हणून फोनवर तोच बोलतो आणि एकच विचारतो, "तिची नाचणी झाली का?" मी "झाली" असं ओरडते. आजूबाजूचे बघतात.

काँक्रीट डांबरापेक्षा बरं, ते वितळत नाही. पण त्यावर कणसं टाकायची कुणाची छाती होत नाही. गेल्या साली पलीकडच्या पाड्यावरची एक बाई उडीद उलटा करताना गाडीखाली आली. तेव्हापासून हंगामात रस्ता रिकामा असतो. त्या रिकामपणाची मला सवय होत नाही.

या आठवड्यात रंजनानं हात केला. माझ्याबरोबर आता अविनाश असतो, बीडकडचा, तरुण, मला ताई म्हणतो. त्याच्या गावीही रस्त्यावर तूर टाकतात, त्यामुळे त्याला काही समजावून सांगावं लागत नाही. तो म्हणाला, "ताई, इथं जास्त थांबलो तर मागचा कंटेनर आपल्यालाच मळील." रंजना दारातून एक गोणपाट वर ढकलत होती. जाड, तोंड सुतळीनं घट्ट शिवलेलं.

"काय आहे?"

"नाचनी. कनसा हायेत."

"कुठं उतरवायची?"

"कठं नाय. झरीला जाईल नि परत आनाल. आत वाटंत ठेवा, आडवी. लोक पाय देतील."

 आयुष्यभर मी एकच वाक्य बोलत आलेय, वाटेत सामान ठेवू नका. लहान पोरंही माझी नक्कल करतात. "रंजना, वेड लागलंय का तुला? कुणी अडखळून पडलं तर?"

"मी झोडू नाय शकत बाय." ती खाली उभी, एक हात पोटावर. "सासू बोलते, यंदा राहू दे. दुसरीकडून पिठाची पिशवी आन. ती असा कदी बोलली का? आथा बोलते."

ओट्यावर मंगलीमावशी बसली होती. आमच्याकडे बघत नव्हती. तिनं मान पलीकडे वळवली होती, आणि ती मान मी ओळखत होते.

मी गोण आत ओढली.

मासळीवाल्या पहिल्यांदा चिडल्या. कशात काय आहे ते सांगितल्यावर त्यांनी आधी जोरात पाय दिले, मग हळू, मग गंजाडपर्यंत त्यांच्यात यावरून भांडण झालं की नाचणीवर पाय जोरात द्यायचा का बेतानं. आशागडला चढलेल्या कॉलेजच्या मुली उतरताना फोनमधून मान वर न काढता त्यावरून चालत गेल्या. घाटात गाडी वळली तसे सगळे तोल सावरत गोणीवर आले. चारोटीला एका साहेबांनी विचारलं, हे काय ठेवलंय वाटेत, आणि मी म्हटलं, "खळं." ते बाजूनं गेले. एकानं लहान मुलीला त्यावर उभं केलं, ती विवळवेढ्यापर्यंत उड्या मारत होती.

तलासरीनंतर गाडी जवळजवळ रिकामी झाली. दोन-चार जण खिडकीला डोकं टेकून झोपलेले. ऊन बाकांवर आडवं पडलेलं. मी चपला काढल्या. वरचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि गोणीवर उभी राहिले. टाचेत कळ गेली. मग दुसरा पाय. मग पहिला. कणसं खाली दबत होती, फिरत होती, आणि गोणपाटातून करकर आवाज येऊ लागला, कोरडा, सुटा. अविनाशनं आरशातून विचारलं, "ताई, काय चाललंय मागं?" मी म्हटलं, "ड्युटी." झरीपर्यंत मी थांबले नाही आणि झरीहून परतताना पुन्हा उभी राहिले. दुखत होतंच. पण रोज दुखून काही हाती येत नाही, आज दुखण्याखाली दाणा सुटत होता, आणि मला रडू आलं. बरं झालं गाडी रिकामी होती.

संध्याकाळी वडपाड्याला अविनाशनं गाडी कडेला ओट्याजवळ घेतली. मीच गोण उतरवली. रंजनानं सुतळी उसवून थोडं चादरीवर ओतलं. तूस, काड्या, आणि खाली काळपट लाल दाणा. तिनं मूठभर उचलून सासूच्या तळव्यावर ठेवलं. मंगलीमावशीला आता नीट दिसत नाही. तिनं दोन्ही तळव्यांत दाणे चोळले, फुंकर मारली, दोन दाणे दाढेखाली धरून बघितले. मागून कंटेनर हॉर्न मारत होते.

"कुनी मळली?"

"बायनी. गाडीत. पायानी."

मंगलीमावशीनं मूठ मिटली. पदराचं टोक ओढून त्यात ती मूठ मोकळी केली आणि गाठ मारली. बियाणं होतं ते. मग हात पुढं करून तिनं चाचपडत माझं पाऊल शोधलं आणि त्यावर तळवा ठेवला, एकेकाळी डांबरावर ठेवला होता तसा.

"पाय हलका हाय तुझा," ती म्हणाली. "एक पन दाना फुटला नाय."

इतक्या वर्षांत माझ्या पायांना कुणी काही चांगलं म्हटलं नव्हतं, मीसुद्धा. मी चपला हातात घेऊनच गाडीत चढले आणि बटण दोनदा दाबलं. दोन्ही वेळा वाजलं.